टाळ वाजत राहिला तर

चि. माऊस,


वारीहून परतले तर तुझं पत्र दाराच्या फटीतून आत पडलेलं होतं. पाय अजून सुजलेले आहेत, पण बसून लिहिता येतं, म्हणून लगेच उत्तर देते.

तेंदूपत्त्याची रक्कम ग्रामसभेच्या खात्यात आली आहे. अर्ध्या गावाला ती घरटी वाटून हवी आहे, अर्ध्या गावाला पाण्याची बोडी दुरुस्त करायची आहे, आणि बैठक तुला घ्यायची आहे. प्रशिक्षणात शिकवलेल्या पद्धतींची यादी लिहून तू विचारतेस, 'मावशी, यातली कोणती घेऊ?' तुझ्या वयात मला कोणी हे विचारलं असतं तर मी चटकन एक नाव सांगितलं असतं. आज आधी तुलाच विचारते. हे गाव एकत्र बसतं ते कशासाठी? आणि एकमेकांशी कसं वागायचं म्हणून बसतं? हे कळल्याशिवाय यादीतलं काहीही उचललंस तरी ते परक्याच्या अंगरख्यासारखं होईल. अंगात शिरेल, पण हात वर करता येणार नाही.

पत्र वाचताना मला तळावरची समाजआरती आठवली. तू एकदा तरी ती बघावीस. माउलींची पालखी मुक्कामी पोचते, दिंड्या भोवती उभ्या राहतात, हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. मग पालखीचे चोपदार दंड उंचावतात आणि टाळ थांबतात. एवढ्या अफाट समुदायात क्षणात शांतता पसरते. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती आपले टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. चोपदार तिच्यापर्यंत जातात, म्हणणं ऐकून घेतात, समजूत पटली की तो टाळ थांबतो. मग हरवलं-सापडलं सांगतात, उद्या निघण्याची वेळ सांगतात, आणि आरती होते.

या सोहळ्याला आजची घडी हैबतबाबा आरफळकरांनी दिली. ते शिंद्यांच्या सैन्यात होते. सैन्यात वरून हुकूम सुटतो आणि खालचा गप्प राहतो. वारीने सैन्याची शिस्त घेतली, पण हुकुमाच्या दंडालाही नाराज माणसापर्यंत चालत जायला लावलं. वारीत प्रत्येकजण दुसऱ्याला माउली म्हणतो आणि वाकतो. माउलीला गप्प बसवून पुढे कसं जाणार? त्या श्रद्धेतूनच ही रीत आली आहे असं मला वाटतं. लाउडस्पीकर लावून 'कोणाची तक्रार असल्यास कार्यालयात लेखी द्यावी' असं सांगणं सोयीचं झालं असतं. ती सोयीची रीत वारीची राहिली नसती.

आता माझी एक चूक सांगते. बरीच वर्षं झाली. एका गावात असाच पैशाचा प्रश्न होता. मला दुपारची एसटी गाठायची होती. चर्चा लांबायला लागली तशी मी म्हटलं, 'हात वर करा.' हात वर झाले, मोजले, ठराव रजिस्टरवर आला, सह्या झाल्या. तंटा मिटला असं समजून मी गाडीत बसले. पुढच्या बैठकीला गावातला एक अख्खा टोला आला नाही. त्याच्या पुढच्या बैठकीलाही आला नाही. उन्हाळ्यात जंगलात आग लागली तेव्हा विझवायला तिथलं कोणीच फिरकलं नाही. मी कोणाशी भांडले नव्हते, कोणाला फसवलं नव्हतं. फक्त मोजणी केली होती. त्या मोजणीने काहींना 'तुम्ही हरलात' असं सांगितलं होतं, आणि हरलेल्यांनी जिंकलेल्यांचं जंगल का राखावं?

मेंढा-लेखाला गेल्यावर मला याचं उत्तर सापडलं. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातलं हे गोंड गाव. तिथल्या कामाशी जोडलेली देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं तू ऐकली आहेसच. मिलिंद बोकील यांचं 'गोष्ट मेंढा गावाची' नसेल वाचलंस तर माझी प्रत घेऊन जा. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा सगळ्यांना माहीत असते. त्या घोषणेमागची बसण्याची रीत फार थोडे लोक बघतात. तिथली ग्रामसभा बहुमताने निर्णय करत नाही. सर्वसहमती होईपर्यंत निर्णय थांबतो. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या सभेत जातो, त्याच्याही पुढच्या सभेत जातो.

शहरातली मंडळी हे ऐकून म्हणतात, असं केल्यावर कामं होणार कशी? पण हिशोब मांडून बघ. 2009 साली या गावाला 1,800 हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. एवढं जंगल राखायला गावाकडे पोलीस नाहीत, तुरुंग नाही. आहेत ती माणसं. एका घराला निर्णय पटला नसेल तर त्या घराची कुऱ्हाड आणि त्या घराची काडी पुरेशी आहे. अंमल सगळ्यांनी करायचा आहे, म्हणून निर्णयही सगळ्यांचा हवा, इतका साधा व्यवहार आहे हा. पुढे 2011 च्या एप्रिलमध्ये बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला, आणि 2013 मध्ये मेंढा ग्रामदानी झालं. आपली जमीन ग्रामसभेच्या नावाने करायची, ही गोष्ट हात वर करून ठरवता येते का, तूच सांग.

मला त्याहून मोलाची वाटली ती त्यांच्या अभ्यास गटाची रीत. अभ्यास गटात बाहेरचे लोक येऊ शकतात, कायदा समजावतात, वाद घालतात. तिथे निर्णय मात्र होत नाही. निर्णय ग्रामसभेत होतो आणि तो गावकरीच करतात. जाणणं एका जागी आणि ठरवणं दुसऱ्या जागी. यामुळे अभ्यास गटात माणूस मोकळेपणाने 'मला कळलं नाही' म्हणू शकतो, कारण त्याच्या बोलण्यावर लगेच कोणी ठराव लिहीत नाही. आणि तुझ्यामाझ्यासारख्या शिकल्या-सवरलेल्या बाहेरच्यांना आपली जागा कळते. आपण जाणण्यात मदत करायची, ठरवायला लागलं की बाजूला व्हायचं.

याच्या शेजारी आपली नेहमीची सरकारी ग्रामसभा ठेवून बघ. 26 जानेवारीला दवंडी, गणपूर्ती नाही म्हणून तहकूब, तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही, मग चार माणसांत विषय वाचले, ठराव मंजूर, आणि रजिस्टर सह्यांसाठी घरोघरी. ही पण एक पद्धतच आहे, आणि ती आपल्या हेतूशी अगदी प्रामाणिक आहे. कागद पूर्ण व्हावा हा तिचा हेतू असतो, आणि कागद पूर्ण होतो.

आता तुझ्या यादीकडे येते. 'ओपन स्पेस' तुला फार आवडलेली दिसते. हॅरिसन ओवेन या अमेरिकन माणसाने 1985 च्या सुमारास ती पद्धत बसवली. परिषदेत खरी बोलणी चहाच्या सुट्टीत होतात हे त्याने पाहिलं, म्हणून त्याने अख्खी परिषदच चहाच्या सुट्टीसारखी केली. तिच्यात दोन पायांचा नियम आहे. जिथे तू शिकत नाहीस आणि काही देतही नाहीस, तिथून उठून दुसऱ्या घोळक्यात जा. सुंदर नियम आहे. मोकळ्या माणसाचा मान त्यात आहे. पण तुझ्या बैठकीत सासऱ्यासमोर पदर सावरून बसलेल्या सुनेला ते दोन पाय आहेत का? ती उठली तर सगळी सभा तिच्याकडे बघेल. सगळे सारखेच मोकळे आहेत असं ती पद्धत धरून चालते. जिथे तसं नसतं तिथे मोकळे लोक अधिक मोकळे होतात आणि बांधलेले जागच्या जागी राहतात. तुझ्या यादीतल्या रंगीत चिठ्ठ्यांचं तेच. चिठ्ठी हातात दिलीस की आधी लिहिता येणारे बोलतात.

उलट, जमिनीवर नकाशा काढायची पद्धत बघ. रॉबर्ट चेंबर्स आणि त्यांच्या सोबत्यांनी ती जगभर नेली. त्यांचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, काठी गावाच्या हातात द्या. रांगोळी, खडे, चिंचोके, पळसाची पानं. सगळ्यांच्या नजरा एकमेकांच्या तोंडाऐवजी जमिनीवर असतात, त्यामुळे लाजरी बाईही वाकून एक खडा सरकवते आणि म्हणते, 'विहीर इथं नाही, तिथं आहे.' चुकलं तर पायाने पुसता येतं. अक्षर लागत नाही. तुझ्या गावाला हे जमेल. फक्त बायांचा नकाशा आणि पुरुषांचा नकाशा वेगवेगळा काढून घे. बायांच्या नकाशात पाणी आणि सरपण आधी येतं, पुरुषांच्या नकाशात शेत आणि रस्ता. दोन्ही शेजारी ठेवलेस की तुला काही बोलावं लागणार नाही.

इतकं वाचून तू म्हणशील, मग सर्वसहमतीच खरी, मतदान वाईट. तसं नाही, माऊ. आडवी बाटली आठव. गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी बाया मतदान मागतात. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हं असतात, आणि नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं. तिथे सर्वसहमतीचा आग्रह धरला असता तर काय झालं असतं? दुकानदार सभेत बसला असता, पिणारे नवरे बसले असते, आणि रात्री मार खाल्लेली बाई सकाळी सगळ्यांसमोर 'माझी हरकत नाही' म्हणाली असती. ज्या घरात भीती आहे तिथे पडद्याआडचा शिक्काच बाईचा आवाज आहे. म्हणून तिथे गुप्त मतदान योग्य, आणि तिथे मोजणीच न्यायाची. जंगल सगळ्यांनी मिळून राखायचं असतं, तर दारूच्या प्रश्नात दुबळ्याला जबरदस्तापासून सोडवायचं असतं. हेतू वेगळा, म्हणून रीतही वेगळी.

सर्वसहमतीचं एक सोंगही असतं, ते ओळखायला शीक. अध्यक्ष विचारतो, 'कोणाची हरकत?' कोणी बोलत नाही, आणि लगेच 'सर्वानुमते' लिहिलं जातं. गप्प राहणं म्हणजे हो म्हणणं नव्हे. गप्प माणसापाशी कोणीतरी चालत जायला हवं, जसे चोपदार जातात. आणि चालत जायला वेळ लागतो. तो वेळ तुझ्याकडे नसेल तर सर्वसहमतीचं नाव घेऊ नकोस, सरळ मतदान कर आणि मतदान केलं असं लिही. निदान ते खोटं तरी नसेल.

तुझ्या बैठकीसाठी मला सुचतं ते असं. एका दिवसात उरकू नकोस. पहिल्या दिवशी पैशाचं नावच काढू नकोस; गावाबरोबर बोडीपर्यंत चालत जा, पाळ कुठे फुटली, गाळ किती, पाणी कोणाच्या शेताला लागतं ते सगळ्यांना डोळ्यांनी बघू दे. बायांची सभा आधी घे. कायद्यातही ग्रामसभेआधी महिला सभा सांगितली आहे, पण बहुतेक ठिकाणी ती कागदावरच राहते. तिथे एक प्रश्न नक्की विचार. रक्कम घरटी वाटली तर ती कोणाच्या हातात पडेल? पानं तोडायला पहाटे बाया आणि पोरी जातात, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात त्याही बहुतेक बायाच. हा प्रश्न सभेत तू मांडू नकोस, त्यांनाच मांडू दे.

आणि बोलणं गावाच्या गोंडीत होऊ दे. तू मराठीत विचारलंस की मराठी येणाराच उत्तर देतो, मग गावाचं मत म्हणजे आश्रमशाळेत शिकलेल्या चार पोरांचं मत ठरतं. तुला कळणार नाही, कळेपर्यंत थांबावं लागेल, शेजारच्या पोराला विचारावं लागेल. चालेल. सभा तुझ्यासाठी नाही. गावातलीच एक बाई आणि एक म्हातारा सभा चालवू देत, तू मागे बस. तुझ्या संस्थेला अहवालात फोटो हवा असेल तर मागून काढ.

आणि गावाला आधीच विचार, एकमत नाही झालं तर काय करायचं? थांबायचं? अर्धं वाटायचं, अर्धं बोडीला? की मतदान? रीत कोणती, हे गावाने भांडणाच्या आधी ठरवावं. भांडण पेटल्यावर जी रीत निघते तिच्यात प्रत्येकाला दुसऱ्याची चाल दिसते. माझ्या मते तुझं खरं काम एवढंच आहे, आणि तेच सगळ्यात कठीण आहे. तुम्हाला एकमेकांशी कसं वागायचं आहे, हा प्रश्न पैशाच्या आधी विचारायला लावणं.

नाराजाचं म्हणणं रजिस्टरवर लिहून ठेव. ठरावाच्या खाली, त्याच्याच शब्दांत. पुढच्या वर्षी तेंदू पुन्हा येईल, तेव्हा ते पान उघडता येईल.

पायाची सूज उतरली की मी येईन. त्याआधी बैठक झाली तर मला लिही. ठराव काय झाला ते सवडीने कळव. सभेत शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसलेल्या बाईचं काय म्हणणं होतं आणि ते विचारायला कोण गेलं, ते आधी लिही.

तुझी
मावशी