मागचा बंपर

मंडळी, या शनिवारी ना कोड, ना सिनेमा. या शनिवारी बंपर. तोही मागचा! हसू नका, दोन महिने माझी झोप उडवली होती त्याने.

तर झालं असं. गेल्या पावसाळ्यात पाथरीला घरी गेलो होतो. दुपारी शेताकडे जीप काढली. वडील म्हणाले, "रात्री पाऊस झालाय, पायी जा." पण आपली गाडी फोर बाय फोर! पुण्यात ही गाडी फक्त स्पीडब्रेकरवर चढते, मग इथे तरी पराक्रम नको का दाखवायला?

ज्यांनी परभणीकडची काळी माती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचांत अशी बसते की पाच मिनिटांत टायरचा गुळगुळीत लाडू होतो. मग चार चाकं फिरोत नाहीतर चाळीस, गाडी जागच्या जागी खाली जाते. माझी गेली. पार डिफरन्शियल टेकेपर्यंत.

शेजारचे काका ट्रॅक्टर घेऊन आले. सोबत त्यांचा नातू, आठवीतला, मोबाइलवर शूटिंग करायला. काका म्हणाले, "सोल खाली चॅसीला बांध रे, वर नको." चॅसीला बांधायचं म्हणजे चिखलात आडवं व्हायचं. मी नवी जीन्स घातली होती. बांधला बंपरला. काका बघायला मागे आलेच नाहीत, शहाणा इंजिनिअर बांधतोय म्हटल्यावर कशाला येतील?

ट्रॅक्टरने झटका दिला, काड्कन आवाज झाला, आणि बंपर सोलाच्या टोकाला गुडघ्याच्या उंचीवरून उडत गेला. पोरापासून दोन हातांवर पडला. पोरगं हसत होतं, त्याला काही कळलंच नव्हतं. काका ट्रॅक्टरवरून उतरले, नातवाच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. बोलले काहीच नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुण्याला परत आल्यावर आपल्या जमातीचा माणूस जे करतो तेच मी केलं. एक्सेल शीट उघडलं! आता असा बंपर लावायचा की हत्तीने ओढला तरी निघणार नाही. बाजारात मला तीन प्रकार दिसले: गोल पाइपचा, जाड पत्र्याचा, आणि तिसरा जाड पत्र्याचाच, पण स्टेपनी आणि डिझेलचा कॅन टांगायला फिरता हात असलेला. तिसरा फोटोत इतका भारी दिसतो की विचारू नका. ऑस्ट्रेलियातल्या गाड्यांसारखा. ए.आर.बी. नावाची कंपनी १९७५ पासून तिथे असलं सामान बनवते आहे. पण तिथे कांगारू आडवे येतात आणि पुढचं गाव शेकडो किलोमीटरवर असतं. पाथरीहून मानवत केवढंसं लांब आहे?

असो. शीटमधला पहिला रकाना वजनाचा. लोखंडाचा १ मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा साधारण ७.८५ किलो भरतो. म्हणजे ४ मिलिमीटरचा ३१ किलोच्या वर. त्यात फिरता हात आणि बिजागऱ्या धरा, ४० किलो कुठेच गेले नाहीत. हे ४० किलो मागच्या अ‍ॅक्सलच्या एक मीटर मागे लटकणार. दोन चाकांतलं अंतर २.४ मीटर धरलं तर पुढच्या चाकांवरचं वजन सुमारे १७ किलोने कमी होतं आणि मागच्यांवर ५७ किलो वाढतं. सी-सॉ, दुसरं काय! आणि चिखलात तर मागची चाकं आधीच रुतलेली असतात.

दुसरा रकाना मागच्या कोनाचा. खड्ड्यातून किंवा कॅनॉलच्या भरावावरून गाडी वर चढते तेव्हा शेपूट घासू नये म्हणून मागचं चाक आणि बंपरची खालची कड यांच्यात जेवढा कोन मोकळा असतो, तो हा. समजा चाक टेकतं तिथून बंपर ७० सेंटीमीटर मागे आणि ४५ सेंटीमीटर उंच आहे. ढोबळ कोन आला ३३ अंश. भारदस्त बंपर १० सेंटीमीटर खाली आला की उरले २७. म्हणजे ऑफ-रोडिंगसाठी घेतलेल्या बंपरने ऑफ-रोडिंगच कमी केलं!

तिसरा रकाना कायद्याचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनासारखे बदल करता येत नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने याच कलमावर बोट ठेवून क्रॅश गार्ड आणि बुलबारवर कारवाई करा असं राज्यांना कळवलं. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२ अ आलं: परवानगीत न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विकणाऱ्यांच्या जाहिरातीत हे बारीक अक्षरातसुद्धा नसतं.

एवढं सगळं होऊनही मन काही ऐकेना. दिवाळीत पाथरीला गेलो तेव्हा हायवेच्या कडेच्या एका वेल्डिंगवाल्या मामांना फोटो दाखवला. म्हटलं, असाच बनवून द्या, पैशाचं बघू.

मामांनी फोटो लांब धरून पाहिला. "कामून पाहिजे दादा एवढा जाड?"

"मागून कोणी ठोकलं तर गाडीला काही होऊ नये."

"मागून कोण ठोकतंय तुम्हाला?"

मी रस्त्याकडे पाहिलं. ऊसतोडीचे दिवस. महामार्ग ६१ वरून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर चालले होते, कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नाही. आणि त्यांच्यामागून मोटारसायकली. नवरा, बायको, मधे एक पोरगं, टाकीवर दुसरं.

"हेच ठोकणार," मामा म्हणाले. "अन् याच्या धारेवर येणार. गाडीला काही होणार नाही, बरोबर हाय तुमचं."

एक्सेलमध्ये हा रकानाच नव्हता हो. वजन होतं, कोन होता, किंमत होती, रंगसुद्धा होता. मागून येणारा माणूस नव्हता. बंपर चेपतो म्हणून आपण त्याला नावं ठेवतो, पण चेपण्यात धक्क्याचा थोडा भाग तो स्वतः खातो. तो हटूनच बसला तर धक्का दुसऱ्या कुणाला तरी खावा लागतो. मागच्याला, नाहीतर सरळ चॅसीला आणि आत बसलेल्यांच्या मानेला.

आणि मुळात माझा प्रॉब्लेम बंपरचा होताच कुठे? बंपरने त्याचं काम केलं होतं. ओढणं हे त्याचं काम नव्हतं. चुकीच्या ठिकाणी गाठ मी मारली होती. बग माझ्यात, आणि मी हार्डवेअर बदलायला निघालो होतो!

शेवटी कंपनीचाच बंपर परत बसवला. हलका, चेपणारा, दिसायला अगदीच बावळट. सेन्सर आणि नंबरप्लेटचा दिवा जिथल्या तिथे. ओढण्यासाठी चॅसीलाच, तिथे आधीपासून असलेल्या भोकांत, जाड बोल्टने आवळलेला हूक. वेल्डिंग नाही, त्या उष्णतेने आजूबाजूचं पोलाद कमजोर होऊ शकतं, असं खुद्द वेल्डिंगवाल्या मामांनीच सांगितलं. स्वतःचं गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस! सोबत ४.७५ टनांची खूण ठोकलेलं एक शॅकल. आणि मागे लाल रिफ्लेक्टर. या सगळ्या खरेदीत स्वस्त तेच, आणि रात्री रस्त्याच्या कडेला गाडी बंद पडली तर सगळ्यात आधी कामाला येणारंही तेच.

वडिलांनी गाडीला एक चक्कर मारली. "दोन महिने करून हेच लावलंस?"

"हो."

"बरं केलंस," म्हणाले, आणि आत गेले.

जानेवारीत अवकाळी पाऊस झाला आणि त्याच रस्त्यावर, जवळजवळ त्याच जागी, मी पुन्हा रुतलो. (पराक्रमाची खोड जात नाही.) काकांना फोन केला. नातू सोबत होताच. या वेळी मी आधी त्याला पार बांधावर पाठवलं, सोलाच्या दीडपट लांब, आणि मग चिखलात आडवा झालो. हूक शोधला, शॅकल अडकवलं, पिन घट्ट केली. काका स्वतः मागे आले, वाकून गाठ पाहिली, हाताने ओढून पाहिली.

"आता ठीक हाय," म्हणाले, आणि ट्रॅक्टरवर चढले.

जीन्स वाया गेली ती गेलीच.