वामकुक्षी बंद!

तुम्ही झोपता कसे? किती तास, किती वाजता वगैरे नाही विचारत. कसे झोपता? डाव्या कुशीवर, पालथे, की मस्त हातपाय ताणून उताणे? पटकन नाही सांगता येणार. कारण झोपायचं कसं, हे काय कुणी ठरवून करतं का? हिंजवडीचा ट्रॅफिक पार करून, उरलेल्या मेल्स निपटून माणूस गादीवर पडतो आणि अंग आपलं आपण सेट होतं.

मला विचाराल तर मी अंशांत सांगेन. पाठ ४५ अंशांवर, गुडघे वाकलेले, तोंड छताकडे. पाच आठवडे. कुशीवर वळायला बंदी आणि पालथं झोपायचं तर नावच काढायचं नाही. आणि हे कुठे, तर पुण्यात! जिथे दुपारी एक ते चार अख्खं गाव डाव्या कुशीवर असतं (निदान विनोदांत तरी), तिथे माझी वामकुक्षी बंद.

कारण? मी टमी टक करून घेतलं.

हं, वर गेली ना एक भुवई? जाऊ दे. माझ्या आईच्या तर दोन्ही गेल्या होत्या. ‘धडधाकट शरीराला कुणी आपणहून सुरी लावून घेतं का गं?’ असं ती महिनाभर विचारत होती. माझं उत्तर तयार होतं, की हे पोट धडधाकट नाहीये. जुळी झाली तेव्हा पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध जे फाकले, ते पुन्हा जवळ आलेच नाहीत. डॉक्टरी भाषेत डायस्टॅसिस रेक्टाय. फिजिओथेरपी झाली, वर्षभर व्यायाम झाले. कंबर थोडी सुधारली, फट काही मिटेना. आणि वर सैल कातडीची झालर. मुलं पाच वर्षांची झाली तरी लिफ्टमध्ये बायका प्रेमाने विचारायच्या, ‘कितवा?’ एकदा तर मेट्रोत एका कॉलेजच्या मुलाने उठून जागा दिली. मी बसले. काय सांगणार त्याला!

तर ऑपरेशन. एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत खाली एक लांब छेद, फाकलेले स्नायू टाके घालून जवळ आणायचे, जास्तीची कातडी कापायची, उरलेली खाली ओढून शिवायची आणि बेंबीसाठी नवीन जागी खिडकी करायची. ऑल्टरवाला जीन्सची कंबर आत घेतो ना, जवळपास तसंच. इन्शुरन्स सहसा याला कॉस्मेटिक म्हणून हात वर करतो, तेव्हा खर्च पदरचा. मैत्रिणींनी व्रण किती दिसतो, दुखतं किती, बिल किती, सगळं विचारलं. रात्री झोपणार कशी, हे एकीनेही विचारलं नाही. आणि मला आज कुणी या ऑपरेशनबद्दल विचारलं, तर मी आधी तेच सांगते. दुखण्याला गोळ्या असतात. रात्रीला नसतात.

वाकूनच का झोपायचं, हे ऑपरेशननंतर पहिल्यांदा उभं राहताना कळतं. सरळ होताच येत नाही. कातडी इतकी ताणलेली असते, की नव्वदीतल्या आजीसारखं कमरेत वाकून चालावं लागतं. सपाट आडवं पडलं की तोच ताण थेट टाक्यांवर येतो. पाठ उचललेली आणि गुडघे वाकलेले ठेवले की पुढची बाजू सैल पडते, टाक्यांना उसंत मिळते. बीचवरच्या आरामखुर्चीत माणूस पडतो तसं. फक्त समुद्र नाही, नारळपाणी नाही आणि उठायची मुभा नाही.

यासाठी बाबा सर्जिकलच्या दुकानात भाड्याची कॉट आणायला गेले. दुकानदाराने विचारलं, ‘फुल फाउलर की सेमी फाउलर?’ बाबांनी तिथूनच फोन लावला, ‘अगं, फाउलर काय? पंख्याची कंपनी वाटतेय.’ तर कॉटच्या पायथ्याशी दांडी फिरवायचं एक हँडल असेल आणि नुसती पाठ वर होत असेल, तर ती सेमी. दोन हँडल्स असतील आणि गुडघ्यांखालचा भागही उचलला जात असेल, तर फुल. आपल्याला फुलच हवी. नाहीतर पाठ उचलली की माणूस रात्रभर पायथ्याकडे घसरत राहतो आणि स्वतःला पुन्हा वर ओढायला नेमके पोटाचेच स्नायू लागतात.

आणि फाउलर ही कंपनी नव्हे, माणूस आहे. जॉर्ज रायरसन फाउलर, ब्रुकलिनचा सर्जन, १८४८ ते १९०६. पोटात पू झालेल्या पेशंटला डोक्याकडून उंच ठेवलं, तर पू खाली ओटीपोटाकडे उतरतो, हे त्याने मांडलं. अँटिबायोटिक्स यायच्या आधीचा काळ, तेव्हा अशा साध्या युक्तीनेही जीव वाचायचे. रात्री तीन वाजता जागी असताना मी हे सगळं वाचून काढलं. दुसरं करणार काय?

कॉट बेडरूमच्या दारातून आत जाईना, म्हणून हॉलमध्येच लागली. म्हणजे मी शोकेसमध्ये. शेजारच्या काकू आल्या, आईने सांगितलं, ‘पोटाचं ऑपरेशन झालंय.’ काकूंनी स्वतःच हर्निया ठरवून टाकला आणि त्यांच्या दिरांच्या हर्नियाची गोष्ट चहा संपेपर्यंत सांगितली. आई मान डोलावत होती. माझ्याकडे बघत मात्र नव्हती.

तीच आई कॉटशेजारी जमिनीवर गादी घालून झोपायची. बारा रात्री. तिला हाक मारायची म्हणजे पोटाला ताण, म्हणून तिने देवघरातली छोटी घंटा माझ्या उशीशी आणून ठेवली. रात्री दोन वाजता बाथरूमला जायचं असलं की मी घंटा वाजवायची. नवरा झोपेत म्हणायचा, ‘आरती सुरू झाली का?’ मग आई हँडल फिरवून पाठ पूर्ण वर करायची, मी पाय खाली सोडायचे, तिच्या खांद्यावर हात ठेवायचा, एक, दोन, तीन. हे दोघींनाही जमायला तीन रात्री लागल्या.

पोटातून दोन नळ्या बाहेर, त्यांच्या टोकांना दोन फुगे, ते गाऊनला सेफ्टी पिनने अडकवलेले. हे ड्रेन. त्यात जमणारं पाणी रोज मोजून लिहायचं. आईने ते कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाच्या चौकटीत लिहिलं. ‘दूध दीड लिटर. डावा ६०, उजवा ४५.’ दूध तेवढंच राहिलं, डावा-उजवा उतरत गेले. दोन्ही ३० मिलीच्या खाली आल्यावर नवव्या दिवशी सर्जनने नळ्या काढल्या, आणि अंगाखाली नळी दाबली जाईल ही रात्रभराची धास्ती संपली.

आता खरी गोष्ट. पहिल्या तीन रात्री औषधांच्या गुंगीत जातात. चौथ्या रात्री गुंगी उतरते आणि माकडहाड जागं होतं. तासन्तास एकाच जागी बसून-झोपून माकडहाड, टाचा आणि कंबर ठणकायला लागतात. पोट राहतं बाजूला. मी काय काय केलं, ऐका. मानेखाली एकच पातळ उशी, कारण पाठ आधीच उंच आहे, जाड उशी घेतली की हनुवटी छातीला टेकते. कंबरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी. दोन्ही बाजूंना लोड, म्हणजे झोपेत वळायला गेलं तरी भिंत लागते. पोटऱ्यांखाली मऊ घडी, टाचा किंचित अधांतरी. दर दोन तासांनी हँडल एक-दोन फेरे खाली नाहीतर वर. एवढ्याशा फरकानेही वजन दुसऱ्या जागेवर जातं आणि अर्धा तास झोप पदरात पडते. आणि जागी असले की पावलं वर-खाली, वर-खाली, शिलाई मशीन चालवल्यासारखी. हा टाइमपास नव्हे. पडून राहिल्याने पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून तर दुसऱ्याच दिवसापासून वाकून का होईना, चालायला लावतात. एकाच पोटरीला सूज आली, ती दुखायला लागली किंवा अचानक दम लागला, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच क्षणी डॉक्टर.

एक जास्तीची उशी कायम हाताशी. खोकला आला, शिंक आली, की ती पोटावर घट्ट धरायची. हसू आलं तरी. म्हणून घरात दोन आठवडे ‘हास्यजत्रा’ म्यूट. म्यूट करूनही हसू येतंच, तो भाग वेगळा.

बाकी अंगाभोवती चोवीस तास आवळपट्टा. खाज येते, घाम येतो. मी जानेवारीत ऑपरेशन केलं हे फार बरं झालं. पुण्याच्या एप्रिलमध्ये त्या पट्ट्यात झोपायची कल्पनाही करवत नाही. पट्टा बघून आई पहिल्यांदा खूश झाली. ‘हे तर आमचं बाळंतिणीचं पोट बांधणं!’ कपाटातून जुनी मऊ सुती साडी काढून पट्ट्याच्या आत नेसवावी का, असं तिने सर्जनला फोनवर विचारायला लावलं. सर्जन म्हणाले, बनियन चालेल. दुसऱ्या दिवशी डिंकाचे लाडूही आले. आम्ही दोघींनी त्यावर चर्चा केली नाही.

तिसऱ्या आठवड्यात कॉट परत गेली. बाबांनी उत्साहाने आजोबांची कापडी आरामखुर्ची माळ्यावरून काढली. कोन अगदी फाउलरचा! पण तिच्यातून बाहेर यायला पोटाचेच स्नायू लागतात. नवरा आणि बाबा मिळून दोन्ही हातांना धरून उपसतात तेव्हा आपण बाहेर येतो. ती पुन्हा माळ्यावर. मग स्वतःच्या पलंगावर तिरक्या फोमचा त्रिकोण, गुडघ्यांखाली दोन उशा, आणि दर काही दिवसांनी कोन थोडा कमी. पाचव्या आठवड्यात ऑफिस. तिथल्या खुर्चीची पाठ बऱ्यापैकी मागे जाते, हे मला आठ वर्षांत पहिल्यांदा कळलं.

पण या सगळ्यात एका माणसाचं झोपेचं गणित माझ्यापेक्षाही बिघडलं होतं. दोन मिनिटांनी धाकटी असलेली माझी मुलगी. ती जन्मापासून माझ्या कुशीत झोपते आणि झोपताना माझ्या पोटाची सैल कातडी मुठीत धरते. कुणाला पांघरुणाचा कोपरा लागतो, हिला ती झालर. मुलगा बाबाकडे शिफ्ट झाला दोन दिवसांत. ही रोज रात्री कॉटशी उभी राहायची. जवळ घ्यायचं नाही, उचलायचं तर नाहीच, ती चौदा किलोंची आणि मला पाच किलोंवर मनाई. मी कॉटच्या कडेवरून हात खाली सोडायची, ती आईच्या गादीवर पडून माझं बोट धरायची. आठव्या रात्री तिने विचारलं, ‘आई, माझं मऊ पोट डॉक्टरांनी कुठे ठेवलं?’

‘माझं’ म्हणाली ती. मला ते पोट पाच वर्षं नकोसं होतं. तिचं ते झोपायचं खेळणं होतं. मला ऑपरेशनचा पस्तावा नाहीये, आजही नाही. पण त्या रात्री फाउलर, टॉवेल, लोड काही कामाला आलं नाही. आईही जागीच होती. अंधारात म्हणाली, ‘तू पण माझं धरायचीस.’

सहाव्या आठवड्याच्या सुरुवातीला सर्जनने कुशीवर झोपायला परवानगी दिली. गुडघ्यांमध्ये उशी, पोटाला टेकायला दुसरी, पालथं अजून नाही. (प्रत्येक सर्जनचं वेळापत्रक वेगळं असतं. माझ्या आठवड्यांवर तुमचे मोजू नका.) त्या रात्री मी हळूच डाव्या कुशीवर वळले. काहीतरी आतून ओढल्यासारखं झालं, मग थांबलं. ती उशी ओलांडून आत शिरली, टी-शर्टखाली हात घातला आणि शोधायला लागली. बेंबीखालचा भाग अजून बधिर आहे, त्यामुळे तिचा हात कुठे फिरतोय हे मला कळत नव्हतं, नुसतं दिसत होतं.

‘हे कडक आहे,’ ती म्हणाली. दोन-तीन ठिकाणी चाचपून पाहिलं. मग हात बाहेर काढला, माझ्या दंडाचं मांस मुठीत धरलं, दाबून बघितलं आणि पाचव्या मिनिटाला झोपली.