बंद दाराआडचा पांढरा कोट

वाचकहो, अ‍ॅनिमेशन म्हणजे लहान मुलांची करमणूक, अशी आपली समजूत असते. जपानमध्ये मात्र प्रौढांसाठीच्या अत्यंत गंभीर कथाही याच माध्यमातून सांगितल्या जातात. २०१० साली आलेली 'रेनबो' ही २६ भागांची मालिका त्यांपैकीच एक आहे. ती नातवंडांसोबत पाहण्यासारखी नाही, पण तिच्यातील खलनायकाविषयी आज आपल्याशी बोलावेसे वाटते. कारण तो माझ्याच व्यवसायातला आहे.

कथा १९५५ सालची, महायुद्धातील पराभवानंतरच्या दरिद्री जपानमधली. एका सुधारगृहाच्या दुसऱ्या इमारतीतील सहाव्या कोठडीत सात मुले कोंडलेली आहेत. इशिहारा नावाचा पहारेकरी त्यांना निर्दयपणे मारतो. त्याचे क्रौर्य निदान उघड दिसते. त्याहून भयंकर आहेत ते डॉक्टर सासाकी. बाहेरच्या जगात ते प्रतिष्ठित गृहस्थ आहेत. आत मात्र तपासणीच्या नावाखाली असहाय मुलांचे शोषण करतात. मुलांनी तोंड उघडले तरी विश्वास कोण ठेवणार? एका बाजूला 'गुन्हेगार' पोर, दुसऱ्या बाजूला पांढरा कोट. डॉक्टरांचे खरे बळ त्यांच्या हातात नाही, या विषम तराजूत आहे.

हा तराजू फक्त तुरुंगातच असतो असे नाही. अंथरुणाला खिळलेली आजी आणि तिची काळजी घेणारी व्यक्ती यांच्यातही तो असू शकतो. आजीला विस्मरण असेल, तर तिची तक्रार 'भ्रम' ठरते. परिचारक, नातेवाईक किंवा डॉक्टर यांचा शब्द मात्र सहज खरा मानला जातो. म्हणूनच, ज्याचा शब्द हलका धरला जातो, त्याचे शरीर अधिक लक्षपूर्वक वाचावे लागते.

वयोमानाने त्वचा पातळ होते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास हाताच्या पुढच्या भागावर किरकोळ धक्क्यानेही काळेनिळे डाग उठतात. परंतु दंडाच्या आतल्या बाजूला बोटांच्या पकडीसारखे वळ, मनगटाभोवती बांधल्यासारखी खूण, कारणाविना घटलेले वजन, दिवसभराची अनाकलनीय गुंगी, किंवा विशिष्ट व्यक्ती खोलीत येताच अंग चोरणे, यांपैकी काहीही दिसल्यास विचारपूस करावी. यांतील एकही खूण स्वतःहून अपराध सिद्ध करत नाही. पण दुर्लक्ष करण्यासारखीही नाही. विचारताना ती दुसरी व्यक्ती समोर नसावी. मोठ्या आवाजात चौकशी न करता, हात हातात घेऊन, उत्तरासाठी थांबावे.

सेवा करणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. रात्ररात्र जागून थकलेली, एखादे दिवशी आवाज चढलेली सून किंवा लेक म्हणजे सासाकी नव्हे. तिला दोष देण्यापूर्वी आठवड्यातून काही तास विश्रांती द्यावी. थकलेला माणूस मदतीसाठी दार उघडतो. ज्याच्या मनात खोट असते, तो दार बंद ठेवण्याची कारणे शोधतो. 'भेटायला येऊ नका, त्यांना त्रास होतो' हे वाक्य वारंवार ऐकू आले, तर मुद्दाम जावे.

त्या मालिकेत सेत्सुको नावाची एक परिचारिका आहे. अधिकार तिच्याकडे फारसा नाही. पण मुलांचे म्हणणे ती खरे मानते. शेजारी, नातेवाईक, दूधवाला, कुटुंबाचा डॉक्टर, कोणीही सेत्सुको होऊ शकतो. अशा प्रसंगी ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय मदतक्रमांकावर विनाशुल्क सल्ला मिळतो. हा क्रमांक ज्येष्ठांच्या हाती लागेल अशा जागी, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

आणि ज्येष्ठ वाचकहो, आपल्या तपासणीच्या वेळी आपले माणूस सोबत असावे असे वाटले, तर तसे निःसंकोच सांगा. आपल्या अंगाला हात लावण्यापूर्वी कारण विचारण्याचा अधिकार आपलाच आहे. प्रामाणिक डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.