बंबाची भट्टी

घरात गॅस गीझर आला आणि तांब्याचा बंब माळ्यावर गेला. मोडीत घालायला म्हणून खाली काढला, तर त्याच्याकडे बघताना मोडीचा विचार मागे पडला. मधल्या नळकांड्यात जाळ, भोवती पाणी. वाफ करायला याहून सोयीचं भांडं कुठे मिळणार? पाणी ओतायच्या तोंडाला नळी जोडायची, ती शेजारी उभ्या केलेल्या तांब्याच्या स्तंभात खालून सोडायची, स्तंभात गवती चहा भरायचा आणि वरून निघालेली वाफ थंड करून तेल धरायचं, असा बेत ठरला.

खरं सांगायचं तर या कामाला आता स्टेनलेस स्टीलच वापरतात आणि तेच बरं. दारूच्या भट्टीत तांब्याला कारण असतं. आंबवणात तयार होणारी गंधकाची संयुगं ते धरून ठेवतं. गवती चहाला त्याची गरज नाही. मी तांबं घेतलं, कारण ते हाताला वश होतं आणि निम्मं घरातच होतं.

पत्रा घेऊन कासारी बाजारात गेलो. सहा इंच व्यासाचा, दोन फूट उंच नळा, आत खालून चार बोटांवर जाळी, तळाशी साचलेलं पाणी सोडायला तोटी, वर शंकूसारखं टोपण. कागदावरचं चित्र बघून तांबट म्हणाले, "साहेब, गुलाबपाणी का ते दुसरं?" हा प्रश्न पुढे प्रत्येकानं विचारला. आमच्या शहराभोवतीच्या एमआयडीसीत बिअरचे एवढे कारखाने असताना घरी हातभट्टी कोण लावतंय! पण शंका रास्त होती. १९४९च्या दारूबंदी कायद्यातल्या कलम ६५ प्रमाणे दारू गाळण्यासाठी भट्टीचं साहित्य नुसतं बाळगणंही गुन्हा आहे. म्हणून मी गवती चहाची जुडी पिशवीत घेऊनच फिरत होतो.

तांबटांचं काम बघत बसणं हा या खटाटोपातला सगळ्यात सुखाचा भाग. ठोकून ठोकून पत्रा कडक होतो, मग ते तो लाल होईस्तोवर तापवून पाण्यात बुडवतात आणि तो पुन्हा मऊ होतो. पोलाद असं बुडवलं तर उलट कडक होतं. पुस्तकात हे वाचलं होतं, पण तो निवलेला पत्रा बोटांनी वाकताना पाहिला तेव्हा कुठे पटलं. थंड करायच्या नळीचं वेटोळं एसी दुरुस्तीवाल्या मुलानं करून दिलं. अर्ध्या इंचाच्या नळीत कोरडी वाळू ठासून तोंडं बंद केली आणि ती जाड पाइपावर गुंडाळली. वाळूमुळे नळी चेपत नाही. सांधे त्यानं चांदीच्या रॉडनं जोडले. शिशाची झाळ मी नको म्हटलं. बंबाचे जुने सांधे मात्र त्याच झाळीचे, आणि ती दोनशे अंशांच्या आतच वितळते. म्हणजे आत पाणी आहे तोवर धोका नाही, पण बंब कोरडा पडू देता कामा नये. स्तंभाच्या टोपणाला कणकेचा लेप दिला. कुठे वाफ अडलीच, तर आधी कणीक सुटेल.

एवढं झाल्यावर लोकांना वाटतं, आता जाळ घातला की झालं. पण भट्टीचं कसब उकळण्यात नाही, थंड करण्यात आहे. एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता सुटते. थंड करणारं पाणी तीस अंशांनी तापू दिलं, तरी लिटरभर अर्कामागे ते अठरा-वीस लिटर लागतं. ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येतं, तिथे हे ओतायचं कुठून? कनौजचे अत्तरवाले वाफ धरायचं भांडं, म्हणजे भपका, हौदात बुडवून ठेवतात, तो तापला की उकळत्या देगेवर ओलं फडकं फिरवून आच रोखतात आणि दुसरा भपका लावतात. गोव्यात फेणीच्या जुन्या भट्टीवर वाफ धरणाऱ्या मडक्यावर पाणी ओततात. मी मराठवाड्याचा उपाय केला. दोनशे लिटरचा ड्रम आणि कूलरचा पंप. तेच पाणी फिरत राहतं. डिसेंबरच्या पहाटे हे बेताचं जमतं. मे महिन्यात ड्रममधलं पाणी मुळातच कोमट असतं, अर्क गरम उतरतो आणि त्याच्याबरोबर वास उडून जातो.

गवत आदल्या दिवशी कापून सुकत ठेवलं होतं. दोन किलो बारीक चिरून स्तंभात सारखं दाबलं. सैल भरलं तर वाफ आपली एक वाट काढते आणि बाकीचं गवत कोरडंच राहतं. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, त्यामुळे इथे पाणी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. स्तंभाच्या डोक्यावरचा तापमापक त्याच्याही किंचित खाली थांबला. गवती चहाच्या तेलातला मुख्य घटक सिट्रल एकटा उकळायला सव्वादोनशे अंश लागतात. पण पाण्याच्या आणि तेलाच्या वाफेचा दाब मिळून हवेच्या दाबाइतका झाला की दोघं जोडीनं निघतात. दोन तासांत चारेक लिटर अर्क जमला आणि त्यावर फिकट पिवळ्या तेलाचा थर. सिरिंजनं उचलला, तर जेमतेम सात-आठ मिली.

शेजारचे काका गच्चीवर आले. त्यांना इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी डिस्टिल्ड वॉटर हवं होतं. म्हटलं, तांब्यातून आलेलं पाणी बॅटरीत घालायचं नसतं, तांब्याचा अंश प्लेटा खराब करतो. "मग चार लिटर पाण्याचं करणार काय?" फरशी पुसायला घ्या म्हटलं. ते दोन बाटल्या घेऊन गेले, आणि जाताना बंब विकायचा असेल तर आधी मला सांगा, असंही म्हणाले.