एक तारीख, दोन खाती

वाणिज्य शाखेत प्रवेश घेतला की पहिला धडा मिळतो तो द्विनोंदी पद्धतीचा. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. एका खात्यात जमा झालेली रक्कम दुसऱ्या कोणत्यातरी खात्यात नावे पडलेली असते. एकच बाजू लिहून ठेवली तर वर्षअखेरीस तेरीज जुळत नाही. आपल्या राज्याचा इतिहास वाचताना मला हा धडा वारंवार आठवतो.

१ नोव्हेंबर १९५६ हीच तारीख घ्या. त्या दिवशी राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला आणि तोवर मुंबई राज्यात असलेला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात गेला. माझ्या वर्गातील कन्नड मित्राच्या घरी हा राज्योत्सवाचा दिवस. लाल-पिवळा ध्वज, मिरवणूक, गाणी. माझ्या घरी मात्र तो काळा दिवस. निषेधाची फेरी आणि दंडाला काळी फीत. वर्षभर एकाच बाकावर बसणारे आम्ही दोघे त्या दिवशी वेगवेगळ्या रस्त्यांनी जातो. त्याचा आनंद नाटकी नसतो आणि आमचे दुःखही उसने नसते.

माझे आजोबा मूळचे कडोलीचेच. ते जन्मले मुंबई प्रांतात. शाळेत असताना म्हैसूर राज्याचे झाले. १ नोव्हेंबर १९७३ रोजी, देवराज अर्स मुख्यमंत्री असताना, राज्याचे नाव बदलले आणि ते कर्नाटकाचे झाले. २०१४ साली त्याच तारखेला त्यांच्या बाजारपेठेचे अधिकृत नाव 'बेळगावी' झाले. घर तेच, शेत तेच. "आमी खट्टेच गेलो नाही रे, राज्यंच आली आणि गेली," असे ते म्हणतात.

परंतु या तारखेच्या मागे जाऊन पाहिले की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. कन्नड भाषिकांच्या एकीकरणाचे आणि संयुक्त महाराष्ट्राचे, अशी दोन्ही स्वप्ने एकाच गावाने पाहिली. ते गाव म्हणजे आपले बेळगाव!

डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन बेळगावला भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. टिळकवाडी भागातील त्या नगराला 'विजयनगर' असे नाव दिले होते. पाण्यासाठी खोदलेली विहीर आजही तेथे आहे. लहानग्या गंगूबाई हनगल यांनी तेथे गांधीजींसमोर स्वागतगीत गायिले, आणि हुयिलगोळ नारायणराव यांचे कन्नड नाडूच्या उदयाचे गीत याच व्यासपीठावरून दुमदुमले. याच वेळी, याच गावी, सिद्दप्पा कंबळी यांच्या अध्यक्षतेखाली पहिली कर्नाटक एकीकरण परिषद भरली. त्या काळी कन्नड मुलूख मुंबई, मद्रास, हैदराबाद, म्हैसूर आणि कूर्ग यांत विखुरला होता. धारवाडचा माणूस मुंबईच्या कारभाराखाली आणि बळ्ळारीचा मद्रासच्या! आपली भाषा बोलणारे सर्व लोक एका राज्यात असावेत, ही त्यांची इच्छा माझ्यासारख्या मराठी मुलाला परकी कशी वाटावी? आमचीही इच्छा तीच तर आहे.

त्या अधिवेशनाचे प्रमुख संयोजक होते हुदलीचे गंगाधरराव देशपांडे. लोकमान्य टिळकांचे ते निष्ठावंत अनुयायी. लोक त्यांना 'कर्नाटक सिंह' म्हणत, आणि त्यांनी आपले आत्मचरित्र लिहिले ते मराठीत. आता त्यांचे नाव कोणत्या खात्यात लिहायचे?

यानंतर बावीस वर्षांनी, मे १९४६ मध्ये, बेळगावला मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते ग. त्र्यं. माडखोलकर. या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा ठराव झाला आणि त्या चळवळीला संघटित रूप येऊ लागले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. पण जेथे ठराव झाला ते गाव मात्र बाहेरच राहिले. ही रुखरुख वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून आमच्यापर्यंत आली आहे.

पुढील नोंदी थोडक्यात सांगतो. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला. १९६७ च्या अहवालात त्याने बेळगाव म्हैसूरकडेच ठेवावे, निपाणी, खानापूर वगैरे भाग मात्र महाराष्ट्राला द्यावा, असे सुचविले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला आणि सीमा जेथल्या तेथेच राहिली. जून १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार होऊन माणसे गेली. हिंडलग्याला त्यांचे स्मारक आहे. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. मी त्या दाव्याहूनही वयाने लहान आहे.

एक नोंद मात्र अशी आहे की ती भाषेच्या कोणत्याच खात्यात बसत नाही. मार्च १९८१ मध्ये निपाणीला तंबाखूच्या शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर रस्ता अडविला. व्यापारी ठरवील तो भाव, हा जुना रिवाज त्यांना मोडायचा होता. तीन आठवडे शेतकरी रस्त्यावर बसून होते. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि अनेकांचा बळी गेला. पडलेल्या भावाने तंबाखू विकणाऱ्याला त्याची मातृभाषा कोणी विचारत नव्हते. तरी या घटनेसाठी आम्ही ना उत्सव करतो ना निषेध.

याचा अर्थ जुने सारे विसरून जावे, असा मुळीच नाही. गावात अनेक वृद्ध माणसांना स्वतःच्या जमिनीचा उतारा वाचता येत नाही, कारण तो कन्नडमध्ये असतो. मी शाळेत मराठी माध्यमात शिकलो, तरी कन्नडही शिकलो. म्हणून संध्याकाळी कोणीतरी कागद घेऊन आमच्या ओट्यावर येते. मी वाचून दाखवतो, अर्ज लिहून देतो. ज्याच्या घामाने जमीन पिकते त्याने तिच्या कागदासाठी वीस वर्षांच्या पोराचे तोंड पाहावे, हे मला बोचते. १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीने ३५० क हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे ते सांगते. म्हणजे सीमा आखणाऱ्यांनाही ठाऊक होते की, रेघ कोठेही ओढली तरी काही माणसे पलीकडे राहणारच. त्यांची काळजी घेणे हा पुनर्रचनेचाच अर्धा भाग होता.

आमच्या कडोलीत दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरते आणि लिंगायत मठात कन्नडमध्ये प्रवचनही होते. गावाला त्यात काही वावगे वाटत नाही. आपल्या या वार्षिकांकातही मराठी आणि कन्नड असे दोन विभाग एकाच दोऱ्याने शिवलेले असतात. परंतु आपण आपला विभाग वाचतो आणि अंक मिटून ठेवतो. म्हणून माझ्या कन्नड मित्राला मी सुचविले आहे की, पुढील अंकात त्याने कन्नड विभागात १९४६ च्या संमेलनावर लिहावे. १९२४ च्या एकीकरण परिषदेबद्दल मी या मराठी विभागात लिहिलेच आहे. तो अजून 'हो' म्हणालेला नाही. 'आधी तुझा लेख वाचतो' एवढेच म्हणाला आहे. त्याला मराठी वाचायला वेळ लागतो. अडेल तेथे मी शेजारी बसेन.