विचारायचे कोणाला?

अभ्यागत प्राध्यापक म्हणून जबलपूरला आल्यानंतरचे माझे पहिले सत्र संपत आले होते. एका दुपारी तास संपल्यावर पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थिनी मागे थांबली. तीन पिढ्या ह्याच शहरात गेलेल्या मराठी घरातील ती मुलगी. तिच्या मराठीत हिंदीची लय सहज मिसळलेली असते. वहीशी चाळा करीत ती म्हणाली, "मॅडम, अभ्यासाचं नाही, दुसरंच विचारायचंय. भरोसा करावा असं कोणी सापडत नाही."

सात महिन्यांपूर्वी मोबाइलवरच्या ओळखीतून एका तरुणाशी तिचे सूत जुळले होते. आता तो तिच्या फोनचा पासवर्ड मागत होता. प्रेम आहे तर लपवायचे काय, हा त्याचा युक्तिवाद. मैत्रिणी म्हणाल्या, सगळ्याच देतात. मावसबहीण म्हणाली, आजच्या आज तोडून टाक. आईवडिलांना विचारावे, तर आधी हा मुलगा कोण, येथूनच सुरुवात करावी लागणार. फोनच्या पडद्यावर सल्ला देणाऱ्यांपैकी एकाने ह्या मागणीला विश्वासाची कसोटी म्हटले होते, दुसऱ्याने धोक्याची खूण. दोघांच्या स्वरातील खात्री मात्र सारखीच होती.

"देऊ नकोस" हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. ते मी गिळले आणि उद्या बोलू, असे तिला सांगितले. त्याला कारण होते.

दहा वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शहरात, अशाच एका विद्यार्थिनीला मी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले होते. "हे नाते तुझ्या योग्यतेचे नाही," असे मी म्हणाले आणि कादंबऱ्यांतील नायिकांचे दाखले दिले. तिने ते नाते तोडले. वर्षभराच्या आत घरच्यांनी पाहिलेल्या स्थळाशी तिचे लग्न झाले. पुष्कळ दिवसांनी ती भेटली, तेव्हा शांतपणे म्हणाली, "मला पटलं नव्हतं मॅडम. पण तुम्हाला नाही कसं म्हणायचं?" माझा सल्ला बरोबर होता की चूक, हे मला आजही सांगता येणार नाही. परंतु तो तिने स्वीकारला नव्हता, तो तिच्यावर लादला गेला होता, आणि त्याची किंमत मी भरली नव्हती.

त्या रात्री मला र. धों. कर्वे आठवले. मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र काढणारा हा गणिताचा प्राध्यापक. ह्याच कार्यापायी त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालविले. घरात उच्चारताही येत नाहीत असे प्रश्न वाचक त्यांना पत्रांतून विचारीत आणि कर्वे त्यांची उत्तरे छापून देत. १९३४ साली ह्या प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. लोकांच्या मनात विकृती असली तरी ती ज्ञानानेच दूर होईल, मग उत्तर देणे हा गुन्हा कसा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला, आणि मासिक पुढे चालू राहिले.

कर्वे सर्वज्ञ होते म्हणून त्यांच्यावर भरवसा ठेवावा, असे मी म्हणत नाही. त्यांची कित्येक मते वाचकांना पटत नसत. परंतु उत्तराखाली त्यांचे नाव असे, उत्तरामागे कारण असे, आणि ते छापील असल्यामुळे कोणालाही तपासून पाहता येई. वाचकाने ऐकले काय नि न ऐकले काय, त्यात कर्व्यांचा लाभ नव्हता, उलट पदरमोडच होती.

दुसरा मनुष्य ह्याच जबलपूरचा. हरिशंकर परसाई 'देशबंधु' ह्या दैनिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देत. प्रारंभी प्रश्न येत ते चित्रपटांचे आणि प्रेमप्रकरणांचे. जन्मभर अविवाहित राहिलेल्या आणि विधवा बहिणीच्या मुलांचा भार उचललेल्या ह्या व्यंगकाराला लोक प्रेमाविषयी विचारीत, ही गंमतच. परसाईंनी स्तंभ बंद केला नाही. हळूहळू त्यांनी त्याच वाचकांना समाजाचे आणि राजकारणाचे गंभीर प्रश्न विचारण्याची सवय लावली. मला ह्यातून एक गोष्ट उमगते. चांगला सल्लागार उत्तरापेक्षा प्रश्न सुधारून देतो.

पूर्वी सल्ला देणारे काका, मामा, आत्या आपल्याला ओळखत, परंतु त्यांच्या सल्ल्यात घराण्याची अब्रू गुंतलेली असे. आज पडद्यावरून बोलणाऱ्याला आपल्या घराण्याशी कर्तव्य नाही, परंतु तो आपल्याला ओळखतही नाही, आणि आपण त्याचे बोलणे पाहत राहावे ह्यातच त्याची कमाई आहे. 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' ही म्हण आपण सहज उच्चारतो. पण जन एवढ्या संख्येने बोलू लागले, की मनाचे कोणते हे ओळखण्यासाठीच कोणाची तरी सोबत लागते.

दुसऱ्या दिवशी मी तिला एवढेच विचारले, "तू नाही म्हणालीस, तर काय होईल असं तुला वाटतं?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ते मला माहीत आहे मॅडम. म्हणूनच तर सगळ्यांना विचारत फिरतेय."

त्यानंतर मला ठाऊक होते ते मी कारणांसह सांगितले. फोनमध्ये एकट्या तिच्या नव्हे, तिच्यावर विश्वासून बोलणाऱ्या प्रत्येकाच्या गोष्टी असतात. एक मागणी पुरी झाल्यावर दुसरी येते का, हे पाहावे. धमकी, पाठलाग किंवा छायाचित्रांचा धाक असेल तर तो सल्ल्याचा विषय उरत नाही, तेथे १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, पोलीस आहेत. माझे मतही सांगितले, पण मत म्हणून. शेवटी म्हटले, "ह्यातलं काही पटलं नाही, तर तसं मला सांग. नाहीतर सांगूही नकोस. पण माझ्या तासाला यायचं टाळू नकोस."

पुढे तिने काय केले ते तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. ती तासाला येते. गेल्या आठवड्यात माझ्या एका विधानाला तिने भर वर्गात उभे राहून हरकत घेतली, आणि तिचे म्हणणे बरोबर होते. मला फार बरे वाटले.