क्रियापदाची अपेक्षा

१९५६ साली भोपाळ राजधानी झाले आणि नागपूरहून अनेक मराठी कुटुंबे सरकारी नोकरीनिमित्त येथे आली. त्या घरांत आता हिंदीचे वळण सहज शिरते. माझी नात ‘आजोबांशी विचार’ म्हणते, कारण हिंदीत ‘पूछना’बरोबर ‘से’ येते. मराठीतले ‘विचारणे’ मात्र ‘आजोबांना’ हेच रूप मागते.

संगणकाची आज्ञावली लिहितानाही असेच असते. २००७ साली सर्वांसाठी खुला झालेला ‘क्लँग’ हा कंपायलर, म्हणजे आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा अनुवादक, अपुरे वाक्यही वाचतो. फंक्शनचे नाव लिहून कंस उघडला, की तेथे कोणत्या प्रकारचे मूल्य हवे ते पाहून तो जुळणारी नावे सुचवतो. पण लांबी आणि रुंदी हे दोन्ही पूर्णांकच असतील, तर त्यांची अदलाबदल त्याला उमगत नाही. प्रकार तो जाणतो, हेतू जाणत नाही. म्हणून निवड लिहिणाऱ्यावर सोडतो.

ही मर्यादा मला मोलाची वाटते. ‘आजोबांना’ हे रूप आपण नातवंडांना अवश्य सुचवावे. त्यांचा प्रश्नच आपण पुरा करू लागलो, तर ती मराठीत विचारायचेच सोडतील.